वरचं पाणी

६ जानेवारी २०२५, सोमवार

केमिकल पुरवणाऱ्या कंपनीने यंदा डायरी बरी दिली आहे. जाड कागद, रेशमी खूण. गेल्या वर्षीची बायकोने, म्हणजे कुंदाने, पाककृती चिकटवायला घेतली होती. ही मी दिली नाही. आजपासून जे घडणार आहे त्याची नोंद कुणीतरी ठेवायला हवी, आणि आमच्या संस्थेत धड मराठी लिहिणारा दुसरा कोणी उरलेला नाही.

पुढे वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. मी डॉ. मार्तंड गुप्ते, मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका संशोधन संस्थेत प्रोफेसर. राहायला घाटकोपर पूर्वेला. डीएनए म्हणजे पिळलेली शिडी, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. पण काही ठिकाणी ती शिडी राहत नाही. एकच धागा स्वतःभोवती चार पदरी घडी घालून बसतो. काचेच्या नळीत, साध्या पाण्यात ही घडी सगळ्या जगाने पाहिली आहे. जिवंत पेशीच्या आत ती टिकते का, यावर भांडणं आहेत. ती मी एनएमआर स्पेक्ट्रोस्कोपीने पाहतो. डीएनएच्या तुकड्याला फ्लोरिनची खूण लावायची, पेशींना विजेचा हलका झटका देऊन तो तुकडा आत घालायचा, पेशी नळीत भरून नळी मोठ्या चुंबकात सोडायची. घडी असेल तर पडद्यावर एका जागी टोक (इंग्रजीत 'पीक') उमटतं. उलगडली असेल तर दुसऱ्या जागी.

आज टोक उमटलं. घडीच्या जागी. सुईसारखं.

माझी विद्यार्थिनी संघमित्रा मोहिते (पीएच.डी.चं पाचवं वर्ष, मानखुर्दहून येते, कमी बोलते) पडद्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "सर, हे फारच टोकदार आहे."

"आहेच!"

"पण पेशीच्या आत इतकी गर्दी असते. तिथून येणारी रेघ पसरट यायला हवी ना?"

पाच वर्षांत तिच्या तोंडून आलेलं हे पहिलं कौतुक. मी तिला पेढा दिला.

३० जूनला मी निवृत्त होतो. आमचा संचालक देवव्रत, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, मला म्हणाला होता, "सर, काहीतरी मोठं दाखवा. निवृत्तीनंतरही तीन वर्षं एमेरिटस प्रोफेसर पक्कं." घे, दाखवलं.

८ जानेवारी, बुधवार

टोक आलं याचं खरं श्रेय माझ्या नियोजनाला आहे. शेजारच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट चाललंय, बत्तीस मजले होणार. सकाळपासून पाइलिंग, म्हणजे पायाचे खांब ठोकणं. प्रत्येक ठोक्याला आमचं चुंबक थरथरतं आणि पडद्यावर नुसतं गवत उगवतं. मशीन सांभाळणारा दादू मालवणकडचा, दहिसरला राहतो. तो म्हणाला, "सायबानू, मशीन नाय हलत, आख्खो मुलुंड हलता."

मजूर एक ते दोन जेवायला थांबतात. मी ठरवून दिलं की सकाळी अकराला पेशी नळीत गच्च भरून ठेवायच्या, आणि ठोके थांबले की त्या मिनिटाला मोजायला लागायचं.

संघमित्रा म्हणाली, "दोन तास अशा दाबून ठेवल्या तर गुदमरतील सर."

मी म्हणालो, "मुंबईच्या पेशी आहेत, सवय होईल." दादू हसला. ती हसली नाही. तिला विनोदाचं अंग नाही.

१३ जानेवारी, सोमवार

सोमवार हा वह्यांचा दिवस. लॅबच्या वहीच्या प्रत्येक पानाखाली 'पाहिले' लिहून हिरव्या शाईत सही करायची, हा माझा तीस वर्षांचा नेम. शिस्त म्हणजे शिस्त. आज एकोणीस पानं, चार मिनिटं.

संघमित्रा टेबलाशी उभी होती. "सर, एकशे बारा नंबरचं पान जरा नीट बघाल?"

"मी सगळीच पानं नीट बघतो."

तिच्या डोक्यात 'वरचं पाणी' शिरलंय. मोजून झाल्यावर नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की पेशी तळाला बसतात आणि वर पाणी राहतं. "त्या वरच्या पाण्यात बघितलं मी सर, तर..." असं काहीतरी सुरू झालं. मी थांबवलं. म्हणालो, आपण पेशींचे लोक. पाण्यासाठी महापालिका आहे. आणि उरलेल्या पानांवर सह्या केल्या.

३ फेब्रुवारी, सोमवार

लेख पूर्ण करून जर्नलला पाठवला. शीर्षक मी चार दिवस घासत होतो. त्यात 'जिवंत' हा शब्द दोनदा आला आहे, आणि दोन्ही ठिकाणी गरजेचा आहे.

मी मोठ्या मनाने संघमित्राचं नाव पहिलं टाकलं होतं. ती केबिनमध्ये आली आणि म्हणाली, "सर, माझं नाव काढा."

"का?"

"जे मला तिथे दिसलं नाही, त्याच्यावर माझं नाव नको."

इतका विनय हल्ली कुठे राहिलाय! मी आठवण करून दिली की छापलेला लेख असल्याशिवाय तिला प्रबंध देता येणार नाही, आणि तिची फेलोशिप जुलैअखेर संपते. ती म्हणाली, "माहितीय सर." माझ्याकडे न बघता म्हणाली. गहिवरली असावी. मी तिचं नाव आभाराच्या यादीत टाकलं, दादूच्या वर.

१७ फेब्रुवारी, सोमवार

२८ तारखेला विज्ञान दिन. देवव्रतला गेटवर लावायला वीस फुटी बॅनर हवा आहे. "सर, एखादा कडक फोटो द्या. ग्राफ नको, ग्राफ बघून लोक घाबरतात."

संघमित्राच्या फोल्डरमध्ये सूक्ष्मदर्शकाचे पुष्कळ फोटो होते. बहुतेक अगदी फिके, पाण्यावर तेलाचे थेंब असावेत तसे. एकच अप्रतिम होता. त्यात सगळ्या पेशी गर्द निळ्या, मोरपंखी म्हणावं असा रंग. फाइलला नाव होतं 'नळीतून काढल्यावर'. म्हणजे आपल्याच पेशी. तोच पाठवला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

विज्ञान दिन थाटात झाला. गेटवर बॅनर: 'जिवंत पेशींत डीएनएची घडी! मुलुंडचा जगाला नजराणा!' खाली त्या निळ्या पेशी, प्रत्येक पेशी कलिंगडाएवढी.

प्रमुख पाहुणे विभागाचे माजी नगरसेवक. मी भाषणात तीनदा म्हणालो की पीक फार चांगला आला, अगदी शार्प पीक. पाहुणे उठले आणि म्हणाले, "गुप्तेसरांनी सांगितलं की यंदा पीक चांगलं आलंय. शहरात राहून शेतीची एवढी कळकळ मी पाहिली नाही." टाळ्या झाल्या. देवव्रतही टाळ्या वाजवत होता. दुरुस्ती करायला मला वेळ मिळाला नाही.

चहाच्या वेळी त्याच पाहुण्यांनी विचारलं, "पण सर, या पेशी आत्ता कुठे आहेत? जिवंत आहेत म्हणता, तर बघता येतील का?" बाळबोध प्रश्न. देवव्रत त्यांना समोशांकडे घेऊन गेला.

कुंदाही आली होती. ती घाटकोपरच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये अठ्ठावीस वर्षं होती, गेल्या वर्षी निवृत्त झाली. रक्तपेशी मोजण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं म्हणतात. बॅनरसमोर ती चष्मा वर करून उभी राहिली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "अहो, त्या निळ्या कशाने झाल्यात?"

"रंगाने."

"ट्रिपॅन ब्लू ना? मग त्या मेलेल्या आहेत."

मी म्हणालो, "कुंदा, हे रिसर्च आहे. पॅथॉलॉजी नव्हे."

"पेशी तीच की. जिवंत पेशी तो रंग आत घेतच नाही, दार लावून बसते. निळी झाली म्हणजे दार सताड उघडं, आत कुणी नाही. आम्ही निळ्या सोडून बाकीच्या मोजायचो."

मग ती भाजी काय करायची ते विचारायला लागली. रिटायर झाल्यापासून तिला कशात तरी लक्ष घालायला हवं असतं. मी मनावर घेतलं नाही.

११ मार्च, मंगळवार

परीक्षकांचे अभिप्राय आले. पहिला परीक्षक: काम ऐतिहासिक आहे, फक्त पुढील सात लेखांचा संदर्भ द्यावा. सातही लेख एकाच माणसाचे. विद्वान दिसतो.

दुसरा: 'टोक संशयास्पद टोकदार आहे. वरचं पाणी वेगळं मोजलं आहे का? मोजताना किती टक्के पेशी जिवंत होत्या? ही माहिती नसेल तर लेखाचा विचार करता येणार नाही.'

दोन ओळी वाचून माझा बीपी वाढला. संघमित्राला बोलावलं. म्हटलं, हा वरच्या पाण्याचा चाळा जगभर पसरलेला दिसतो. एकदा मोजून टाक आणि याचं तोंड बंद कर.

ती म्हणाली, "ते झालंय सर. वहीत आहे." आणि चार दिवसांच्या रजेचा अर्ज पुढे केला. बहिणीचं बाळंतपण.

ऐन लढाईत रजा! ठीक आहे. मी स्वतः मोजतो. तीस वर्षांपूर्वी पिपेट हातात धरून मी माणसं घडवली आहेत.

१४ मार्च, शुक्रवार, धुळवड

पाइलिंग बंद, सगळे मजूर सुट्टीवर. दिवसभर मोकळा. स्टेशनवरून संस्थेत पोचेपर्यंत पाठीवर दोन फुगे बसले. शर्ट हिरवा. दादू हजर होता, कारण चुंबक थंड ठेवणारा नायट्रोजन भरायला सणवार नसतो.

नवीन पिपेटला दोन बटणं असतात हे मला माहीत नव्हतं. दादू म्हणाला, "सायबानू, वरचा नको, बाजूचा दाबा." मी विचारलं, तुला कसं माहीत? म्हणाला, "पाच वर्सां बघतंय पोरीक." पेशी कुठल्या उबपेटीत, झटक्याचं मशीन कितीवर लावायचं, नळी किती भरायची, सगळं त्यानेच सांगितलं. मी फक्त केलं. पहिली नळी हिंदकळून सांडली. पाइलिंग नसतानाही.

माझ्या नियोजनाप्रमाणे नळी भरून दोन तास ठेवली, मग मोजली. टोक आलं. सुईसारखं. मी दादूला म्हणालो, बघ! मग नळी फिरवली, वरचं पाणी काढलं, ते नवीन नळीत घालून चुंबकात सोडलं. अपेक्षा अशी की सपाट रेघ येणार, ती मी त्या दुसऱ्या परीक्षकाच्या तोंडावर मारणार.

टोक तिथेच होतं. त्याच जागी, तेवढंच उंच.

म्हटलं नळी बदलली गेली असेल. तळाच्या पेशी नव्या पाण्यात ढवळून मोजल्या. सपाट. काही नाही. परत पाणी मोजलं. टोक.

मग एक केलं जे आधी करायला हवं होतं. ताज्या पेशी घेतल्या, भरल्या भरल्या चुंबकात घातल्या, आणि मोजत बसलो. पहिल्या दहा मिनिटांत काही नाही. अर्ध्या तासाने रेघेला जरा फुगवटा. तासाभराने टोक. दीड तासाने सुई. जसजशा पेशी गुदमरत गेल्या, फुटत गेल्या, तसतसा आतला माल पाण्यात सांडत गेला, आणि मोकळ्या पाण्यात त्याने निवांत घडी घातली. आम्ही दोघं त्यांचा जीव जाताना बघत होतो, आणि पडद्यावर चित्र देखणं होत गेलं.

दादू म्हणाला, "सायबानू, च्या आणू?"

मी हो म्हणालो. शर्ट वाळून कडक झाला होता. घरी गेल्यावर कुंदाने विचारलं, कुणी रंगवलं एवढं? मी म्हणालो, माहीत नाही.

१७ मार्च, सोमवार

वह्यांचा दिवस. आज मी सही करायच्या आधी वाचलं. म्हणून मागे गेलो, पान एकशे बारा.

९ जानेवारी. संघमित्राचं टपोरं अक्षर. शेजारी शेजारी तीन ग्राफ चिकटवलेले: नळी, वरचं पाणी, पेशी. मी शुक्रवारी काढले तेच. खाली एक निळा फोटो, बॅनरवरचाच. त्याखाली: 'सर्व सिग्नल वरच्या पाण्यात. पेशींच्या आत काही मोजण्याजोगं नाही. मोजणीच्या वेळी पेशी ८०% मृत. जिवंत पेशींबद्दल यावरून काहीही म्हणता येणार नाही.'

आणि त्याखाली हिरव्या शाईत: 'पाहिले. मा. स. गुप्ते. १३/१.'

खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो. केबिनचं दार लावलं. पान फाडायला दोन सेकंद पुरली असती. वही ती उघड्या कपाटात ठेवून गेली होती, कुलूप नाही. मी पान चिमटीत धरलंही. मग दिसलं की पानांना छापील नंबर आहेत. एकशे अकरानंतर एकशे तेरा आलं असतं. मी प्रामाणिक आहे म्हणून थांबलो की नंबर होते म्हणून, हे सांगता येत नाही.

ती साडेदहाला आली. मी विचारलं, "तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं सर. चार वेळा."

"आवाज चढवून सांगायचं!"

तिने वही मिटली. "सर, आवाज चढवल्यावर तुम्ही ऐकता का?"

संध्याकाळी ही डायरी उलटून पाहिली. तीन वेळा सांगितल्याचं माझ्याच अक्षरात आहे. चौथं काही सापडलं नाही.

१९ मार्च, बुधवार

देवव्रतला सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता, मध्येच फोनवर कुणाला तरी थम्स-अप पाठवला.

"म्हणजे घडी आहे?" त्याने विचारलं.

"आहे. पण पाण्यात."

"आणि पेशी?"

"पेशी मेलेल्या."

"पण पेशी होत्या ना तिथे? मग सोपं आहे सर. 'जिवंत पेशींत' काढा, 'पेशींच्या सान्निध्यात' टाका. खोटं काहीच नाही."

मी म्हणालो, सान्निध्यात तर दादूही होता.

"सर, वार्षिक अहवाल छापून झालाय. तुमची एमेरिटसची फाइल वर गेलीय, त्यात हाच लेख जोडलाय. घाई कशाला? मे महिन्यात सही होईल. तुम्ही जुलैमध्ये आरामात मागे घ्या. विज्ञान कुठे पळून जातंय?"

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. आणि सांगायला लाज वाटते, मला बरं वाटलं. जुलै काही फार लांब नाही.

२३ मार्च, रविवार

चार दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं केलं नाही.

दुपारी कुंदाला सांगितलं. ती निवडलेली मेथी बाजूला ठेवून ऐकत होती. मला वाटलं, रिक्षातलं काढेल. नाही काढलं. एवढंच म्हणाली, "त्या मुलीने नाव काढून घेतलं तेव्हा तिचं किती गेलं, ते कळलं का तुम्हाला?"

मी म्हणालो, ती तर विनय म्हणून...

मेथी निवडायचं काम उरलं नव्हतं, तरी कुंदाने परत ताट ओढलं.

२४ मार्च, सोमवार

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी जर्नलला मेल: लेख मागे घेत आहे, निष्कर्ष चुकीचा आहे, ही चूक माझ्या विद्यार्थिनीने जानेवारीतच दाखवली होती, मी वाचली नाही. शेवटचं वाक्य मी तीनदा खोडलं आणि तीनदा परत लिहिलं.

नऊ चौदाला जर्नलचं आपोआप उत्तर: 'आपल्या लेखनाबद्दल आभार.'

२ एप्रिल, बुधवार

एमेरिटसची फाइल परत आली. शेरा: 'तूर्त आवश्यकता नाही.'

बॅनर मात्र अजून तिथेच. उतरवला तर लोक विचारतील, म्हणून देवव्रतने 'जिवंत' या शब्दावर पट्टी चिकटवून घेतली. आता गेटवर वाचायला मिळतं: 'अद्ययावत पेशींत डीएनएची घडी!' पेशी निळ्याच. कुणीही काही विचारलेलं नाही.

६ मे, मंगळवार

संघमित्राने गेल्या वर्षीच एक पद्धत सुचवली होती म्हणे. मला आठवत नाही, वहीत आहे, पान ७४, सही माझी. पेशी नळीत कोंबायच्या नाहीत. जेलीच्या बारीक मण्यांत बसवायच्या आणि त्यांच्यावरून ताजं, कोमट द्रव सतत वाहतं ठेवायचं. म्हणजे खाणंही मिळेल, ऑक्सिजनही. काही बाहेर सांडलं तर ते वाहत्या द्रवाबरोबर निघून जाईल, आणि तेही वेगळं मोजता येईल.

पंप नाही. खरेदी समितीने कागद मागितले: तीन कोटेशन, आणि 'पेशींना प्रवाहाची आवश्यकता का' यावर टिपण. दादूने घरच्या माशांच्या टाकीची नळी आणि जुन्या मशीनमधला पंप जोडून दिला. पहिल्या दिवशी सगळी जेली वाहून गेली. दुसऱ्या दिवशी दादूच्या पँटवर. पाचव्या दिवशी चाललं.

रोज मोजणीआधी आणि नंतर जिवंत किती, मेलेल्या किती, हे मोजायला माणूस हवा होता. घरी सहज बोललो, तर कुंदा म्हणाली, "मला द्या." दुसऱ्या दिवशी पेशी मोजायचा स्वतःचा जुना काउंटर पर्समध्ये घालून आली. संघमित्रा आणि ती दहा मिनिटांत अशा बोलायला लागल्या की मला पेशींची भाषा परकी वाटली. मी कुंदाला कामाची गोडी लावली, याचं समाधान आहे.

मी नळ्या धुतो. एनएमआरच्या नळ्या फार नाजूक असतात, आणि आत फ्लोरिनचा कणही राहून चालत नाही. संघमित्राने दोनदा परत धुवायला लावल्या.

१२ जून, गुरुवार

एकवीस जेवणाच्या सुट्ट्या, प्रत्येकी एक तास. सगळ्या मोजण्या एकत्र केल्यावर आज रेघेवर काहीतरी दिसलं. टोक नव्हे. टेकाड. बसकं, पसरट, शेजारच्या गोंधळातून जेमतेम वर आलेलं. ते घडीच्या जागी आहे. आणि त्याच्या बाजूला, उलगडलेल्या जागी, त्याहून बुटकं दुसरं.

वाहून गेलेलं द्रव मोजलं. सपाट. कुंदाचा आकडा: ९१ टक्के जिवंत, मोजणीआधी. नंतर ८८. तिने दोनदा मोजलं, आणि मी शंका घ्यायच्या आत तिसऱ्यांदा मोजलं.

म्हणजे घडी आत आहे, पण पक्की बसलेली नाही. काही तुकडे घडीत, काही उलगडलेले. मी उठून उभा राहिलो. म्हणालो, शीर्षक सुचलंय! "जिवंत पेशी घडी मोडते आणि..."

"सर," संघमित्रा म्हणाली, "बसा."

मी बसलो.

"नमुना फक्त एका प्रकारच्या पेशींचा आहे. दुसऱ्या पेशींत बघायचंय. घडी न घालणारा तुकडा घालून बघायचाय. शीर्षक शेवटी."

दादूने पडद्याकडे बघून विचारलं, "ह्यां इतक्यां बारीक? ह्याच्यासाठी माझी मासळी महिनाभर बादलीत?"

संघमित्रा हसली. मी तिला हसताना कधी पाहिलं नव्हतं, असं मला वाटलं. कुंदाला विचारलं तर म्हणते, ती रोज हसते.

३० जून, सोमवार

निरोप समारंभ. शाल, नारळ, घड्याळ. देवव्रतचं भाषण सुरेख झालं. म्हणाला, "चूक मान्य करण्याची परंपरा या संस्थेने गुप्तेसरांच्या रूपाने जपली." मग जाहीर केलं की संघमित्राची फेलोशिप सहा महिने वाढवून घेतली आहे, आणि कागदोपत्री मार्गदर्शक म्हणून यापुढे तो स्वतः असेल. संघमित्राने मान हलवली. नंतर जिन्यात मला म्हणाली, "सर, त्यांनी वहीवर सही मागितली तर मी समोर बसवून वाचायला लावणार आहे."

मी विचारलं, मी उद्या आलो तर चालेल?

"नळ्या कोण धुणार मग?"

१ जुलै, मंगळवार

नऊ वीसला गेटवर पोचलो. ओळखपत्र काल जमा केलं होतं. वॉचमन नंदकुमार मला पंधरा वर्षं रोज सलाम करतो. आजही केला, आणि बांबू वर केला नाही.

"सर, पास लागेल."

"अरे, मी आहे."

"माहितीय ना सर. पण माजी कर्मचाऱ्यांना पासशिवाय सोडायचं नाही असं सर्क्युलर आहे. तुमचीच सही आहे त्याच्यावर. दाखवू?"

नको म्हणालो. त्याने रजिस्टर पुढे सरकवलं. नाव लिहिलं. 'कोणास भेटावयाचे' मध्ये लिहिलं, संघमित्रा मोहिते. 'भेटीचे कारण' या रकान्यावर पेन थांबलं. मार्गदर्शन म्हणावं तर ते आता देवव्रतकडे. संशोधन म्हणावं तर पुरावा मागतील. चर्चा म्हणावं तर संघमित्रा मला बोलूच देत नाही. मागे दोन कुरियरवाले खोळंबले होते. शेवटी खरं तेच लिहिलं: नळ्या धुणे.

नंदकुमारने वाचलं, डोकं खाजवलं.

"मग हे रजिस्टर नाही सर. हाउसकीपिंगचं वेगळं आहे."

त्याने टेबलाखालून दुसरी वही काढली, कोपरे दुमडलेली, चहाचे डाग पडलेली. त्यात फक्त नाव लिहायचं आणि सही करायची. कारणाचा रकानाच नाही. मी सही केली आणि आत गेलो.